कात्सुरेनचा अमावारी खरंच गद्दार होता का?

जपानच्या दक्षिणेकडच्या ओकिनावा बेटावर निघण्याआधी तुम्ही जे जे वाचलंत त्यात तिथल्या कात्सुरेन किल्ल्याचा सरदार अमावारी खलनायकच निघाला, म्हणून हा प्रश्न विचारलात. कात्सुरेनचे अवशेष पाहून आल्यापासून माझं मत पक्कं झालंय: त्याची बदनामी जिंकणाऱ्यांनी केली.

रूढ गोष्ट अशी. पंधराव्या शतकात बेट स्वतंत्र राज्य होतं आणि त्यावर शुरी या राजधानीतल्या राजाची सत्ता होती, पण कात्सुरेनचा सरदार अमावारी समुद्री व्यापारावर गबर झाला होता. राजा शो ताइक्यूने त्याला आपली मुलगी दिली. खाडीपलीकडे नाकागुसुकु किल्ल्यावर राजाचा सासरा गोसामारू पहाऱ्याला होताच. १४५८ मध्ये अमावारीने म्हणे राजाचे कान भरले, की गोसामारू बंड करणार. शुरीची फौज चालून आली, तेव्हा राजावर हत्यार उचलायचं नाही म्हणून गोसामारूने स्वतःला संपवलं. पाठोपाठ अमावारीचा शुरीवरचाच डाव राजकन्येला कळला. शुरीहून तिच्याबरोबर आलेला योद्धा ओनी-ओशिरो तिला घेऊन रात्रीतून शुरीला पळाला, आणि फौज घेऊन परत येऊन त्याने अमावारीला मारलं.

एकाच वर्षात शुरीचे दोन्ही बलाढ्य सरदार गेले! फायदा कोणाचा झाला बघा. राजघराण्याच्या बखरी लिहिल्या गेल्या त्या जवळजवळ दोनशे वर्षांनंतर. पुढे १७१९ मध्ये चिनी राजदूतांसमोर एक नाटक झालं. त्यात गोसामारूची दोन मुलं नाचून, दारू पाजून अमावारीला गुंगवतात. तो खुशीत आपली तलवारच बक्षीस देऊन टाकतो, आणि मुलं बापाचा सूड घेतात. लोकांच्या डोक्यात बसला तो हा अमावारी.

पण ‘ओमोरो सोशी’ या जुन्या गीतसंग्रहात त्याची स्तुती आहे, आणि कात्सुरेनच्या वैभवाला थेट जपानमधल्या कामाकुरा या जुन्या सत्ताकेंद्राची उपमा दिलीय. लोककथेत तर तो अशक्त म्हणून रानात टाकलेला पोर. कोळी हा किडा जाळं विणताना बघून तो मासे धरायचं जाळं विणायला शिकला आणि त्याने ती जाळी गावकऱ्यांना वाटली. गद्दाराबद्दल लोक अशी आठवण जपतात का?

जमिनीतून निघालं तेही गाण्यांच्याच बाजूचं. चिनी निळी-पांढरी भांडी, छपराची कौलं, आणि २०१३ च्या उत्खननात चक्क तिसऱ्या-चौथ्या शतकातली रोमन तांब्याची नाणी. सोबत १६८७ चं एक ऑटोमन नाणंही होतं, म्हणजे अमावारी गेल्यावरही या टेकडीवर माणसांचा वावर होता.

किल्ला बघताना घाई करू नका. चुनखडीचा तट सरळ जात नाही, डोंगराच्या धारेबरोबर वळत चढतो. दुसऱ्या टप्प्यावर वाड्याच्या खांबांखालचे दगड अजून जागच्या जागी आहेत. तिथेच चुलीच्या देवतेचे तीन दगड दिसतील. आपल्याकडच्या तीन दगडांच्या चुलीची आठवण येऊन मी तिथे बराच वेळ थांबलो.

२००० साली किल्ल्याला जागतिक वारशाचा दर्जा मिळाला. त्याच वर्षापासून तिथली शाळकरी मुलं अमावारीवर स्वतःचं नाटक करतात, आणि त्यात तो नायक असतो. तुमच्या तारखांना प्रयोग असेल तर तिकीट आधी काढा, मग किल्ला चढा.