हिमालयाच्या पायथ्याच्या शिवालिक टेकड्यांमधल्या वालुकाश्मात कोणते प्राचीन सस्तन प्राणी सापडतात?

पाणघोडे, गेंडे, घोडे, हत्ती… यादी लांबलचक आहे, पण माझे लाडके दोनच. पहिला शिवथेरियम. जिराफाचा भाऊबंद, पण मान आखूड, अंग बैलासारखं दणकट आणि डोक्यावर शिंगांच्या दोन जोड्या. कालव्यांचा इंजिनिअर कॉटली आणि सहारनपूरची वनस्पती बाग सांभाळणारा डॉक्टर फाल्कनर यांनी १८३६ मध्ये त्याला शंकराचं नाव दिलं. दुसरा स्टेगोडॉन गणेशा, हत्तीचा भाऊबंद, म्हणजे चक्क बाप्पाच्या नावाचा! याचे लांबलचक सुळे इतके चिकटून असत, की मधून सोंड जायला जागाच नाही. ती बहुधा बाजूला लोंबत असावी. हिमालयातून उतरणाऱ्या नद्यांनी ही हाडं वाळूत गाडली, म्हणून टिकली. बघायची असतील तर हिमाचलात नाहनजवळचं साकेती जीवाश्म उद्यान गाठा. पूर्णाकृती पुतळेही आहेत तिथे.