मूळ पाप मुलांना शिकवण्याआधी

प्रिय मुली,

प्रभूच्या नावानं सलाम.

येत्या रविवारी संडे स्कूलमध्ये बायबलमधल्या उत्पत्तीच्या पुस्तकाचा तिसरा अध्याय, म्हणजे आदाम-हव्वेनं देवाची आज्ञा मोडल्याची गोष्ट, घ्यायची पाळी तुझी आहे आणि आदामापासून 'माणूस जन्मतः पापी आहे' ही मूळ पापाची शिकवण मुलांसमोर म्हणायला जीभ रेटत नाही, असं तू लिहिलंस. बहिणीचं बाळ मांडीवर घेऊन तू विचारतेस, यानं कुणाचं काय वाकडं केलं? विचारलंस ते बरं केलंस. हा प्रश्न गिळून जे शिकवायला उभे राहतात, त्यांच्याकडून मुलं नुसती भीती शिकतात.

बाळानं काहीही केलेलं नाही. 1530 साली धर्मसुधारक ल्यूथरच्या बाजूच्या मंडळींनी जर्मनीतल्या ऑग्सबर्गला आपला विश्वास लिहून दिला. माणूस देवाच्या भयाविना, देवावरच्या भरवशाविना आणि वासनेसह जन्मतो, असं त्यात म्हटलं आहे. कॅथलिक शिक्षणही सांगतं की हे पाप आपण करत नाही, ते आपल्या वाट्याला येतं. बोलणं एका अवस्थेबद्दल आहे. या अवस्थेला दोघंही पापच म्हणतात, हे मात्र लपवू नकोस. शेजारच्या काकू म्हणतील, 'म्हणजे आमच्या पूर्वजन्मीच्या कर्मासारखंच की!' तसं नाही. कर्माचा हिशेब ज्याचा त्याचा असतो. आदामाची गोष्ट सगळ्या माणसांची मिळून एक आहे.

तुझ्या अडचणीचं मूळ मला आणखी खोल वाटतं. नगर जिल्ह्यातल्या आपल्या बहुतेक ख्रिस्ती घरांचे पूर्वज गावकुसाबाहेर राहत होते. तुम्ही जन्मानंच अपवित्र, हे गावानं त्यांना पिढ्यान्‌पिढ्या ऐकवलं. पाणवठ्याला शिवायचं नाही, सावली पडू द्यायची नाही. अशा घरातल्या मुलीला 'जन्मतः पापी' ऐकून जुनी जखम ठुसठुसली, तर त्यात अविश्वास कसला? पण दोन्ही बोलण्यांतला फरक बघ. गावाचं बोलणं काही जणांना बाहेर ठेवण्यासाठी होतं आणि बोलणारा स्वतःला त्यातून वगळत होता. प्रेषित पौल रोमकरांस पत्र लिहितो तेव्हा यहूदी आणि हेल्लेणी (ग्रीक) दोघांनाही पापाखाली आणतो, आणि सातव्या अध्यायात तर 'मी' म्हणून बोलतो: जे चांगलं करावंसं वाटतं ते माझ्या हातून होत नाही. पाटील, पुरोहित, मिशनरी साहेब, बिशप, कुणीही या रांगेतून सुटत नाही. जन्माच्या जोरावर मिरवणाऱ्याच्या पायाखालची जमीनच ही शिकवण काढून घेते. ती फक्त समोरच्यावर रोखणारा उपदेशक तिचा अर्थ उलटा करतो. आणि ज्याच्यावर अन्याय झाला आहे, त्याला 'आधी तुझं पाप कबूल कर' म्हणणं हा निव्वळ क्रूरपणा आहे. तू तसं कधीही म्हणू नकोस.

मुलांना कळेल अशी एक हकिकत चौथ्या-पाचव्या शतकातल्या ऑगस्टीननं स्वतःबद्दल लिहून ठेवली आहे. गाव ठागास्ते, म्हणजे आजच्या अल्जीरियातलं सूक अहरास, वय सोळा. घरच्या द्राक्षमळ्याजवळ दुसऱ्याचं नाशपातीचं झाड होतं. फळं दिसायला बरी नव्हती, चवीलाही नाही. रात्री उशिरा पोरांच्या टोळक्यानं झाड हलवून सगळी फळं पाडली, एखाददुसरी चाखली आणि बाकीची डुकरांपुढे टाकली. पुढे बिशप झालेला हा माणूस त्या चोरीवर पानंच्या पानं लिहितो. भूक नव्हती, याहून चांगली फळं घरी होती, मग का केलं? करू नये ते करण्यातच गोडी होती म्हणून, असं तो म्हणतो. आणि एकटा असतो तर केलं नसतं, हेही सांगतो. मूळ पापावरच्या जाड ग्रंथांपेक्षा मला ही नाशपाती जास्त शिकवते. आपल्या इच्छेलाच कुठेतरी बाक आलेला आहे आणि चारचौघांत तो वाढतो.

त्याच काळात ब्रिटनहून आलेला पेलागियस रोममध्ये शिकवत होता. माणूस सचोटीचा आणि कडक शिस्तीचा. 'तू आज्ञा करतोस ते तूच दे, आणि मग हवी ती आज्ञा कर' ही ऑगस्टीनची प्रार्थना त्याला सहन झाली नाही. देवानं आज्ञा दिली त्या अर्थी ती पाळायची ताकद माणसात आहेच, असं त्याचं म्हणणं. 418 साली कार्थेजच्या धर्मसभेनं ते नाकारलं. तुझ्या पिढीला पेलागियस जवळचा वाटतो, कारण ऐकायला तो उमेद देतो. पण त्याचं म्हणणं शेवटपर्यंत नेऊन बघ. जमायला हवं होतं, जमलं नाही, म्हणजे तूच कमी पडलीस. आता आणखी जोर लाव. रात्री दिवसभराच्या चुका मोजत जागी राहतेस असं तू मागे सांगितलं होतंस. त्या जागरणात तुझ्या उशाशी पेलागियसच बसलेला असतो, बाळा. कृपेची शिकवण, म्हणजे तारण आपल्या कष्टानं कमवायचं नसून देव ते फुकट देतो ही शिकवण, तुला तिथून उठवण्यासाठी आहे.

पंडिता रमाबाईंकडे बघ. 1883 साली इंग्लंडमध्ये वाँटेजला त्यांचा बाप्तिस्मा झाला, 1889 मध्ये मुंबईत शारदा सदन उभं राहिलं. विद्वत्ता, त्याग, कष्ट, कशात कमी होत्या? तरी त्यांनी आपल्या साक्षीत लिहिलं, की आपल्याला ख्रिस्ती धर्म मिळाला होता पण ख्रिस्त मिळाला नव्हता, आणि हे कळायला बाप्तिस्म्यानंतर आठ वर्षं लागली. कृपेमुळे माणूस आळशी होतो असं कुणी म्हणालं, तर त्याला केडगावचं मुक्ती मिशन दाखव. दुष्काळातल्या शेकडो मुलींना त्यांनी पोटाशी धरलं ते त्यानंतर.

ऑगस्टीनचं सगळंच मात्र घेऊ नकोस. बाप्तिस्म्याविना गेलेल्या बाळांना सौम्य का होईना शिक्षा आहे, या मतापर्यंत तो गेला. मला ते मुळीच मान्य नाही. रोमच्या कॅथलिक मंडळीच्या आंतरराष्ट्रीय ईश्वरविज्ञान आयोगानंही 2007 साली अशा बाळांच्या तारणाची आशा धरायला आधार आहे, असं म्हटलं. पूर्वेच्या ऑर्थोडॉक्स मंडळ्या तर आदामाकडून मरण आणि दुबळेपणा आला, त्याचा दोष आपल्या माथी आला नाही, असंच मानत आल्या आहेत.

आता रविवारचं. सुरुवात आदामापासून करू नकोस. रोमकरांस पत्राच्या पाचव्या अध्यायात पौल आधी सांगतो की आपण पापी असतानाच ख्रिस्त आपल्यासाठी मेला. आदाम येतो तो बाराव्या वचनात. तोच क्रम धर. मग गोष्ट सांग, आणि बोट दाखवण्यापाशी थांब: आदाम हव्वेकडे दाखवतो, हव्वा सापाकडे. वर्गाची काच फुटल्यावर काय होतं ते मुलांना विचार, पुढचं तीच बोलतील. उत्पत्तीच्या त्या अध्यायातलं एकविसावं वचन सोडू नकोस. बागेबाहेर घालवण्याआधी देव दोघांना चामड्याचे अंगरखे करून स्वतः नेसवतो. नरकाची चित्रं दाखवू नकोस. 'तुम्ही' न म्हणता 'आपण' म्हण.

मोठ्या मुलांपैकी कुणी जुन्या करारातल्या यहेज्केल संदेष्ट्याच्या पुस्तकाचा अठरावा अध्याय काढलाच, की मुलगा बापाच्या पापाचा भार वाहणार नाही, तर त्याला शाबासकी दे. बापांनी आंबट द्राक्षं खाल्ली आणि मुलांचे दात आंबले, असं म्हणून लोक अंग झटकत होते. संदेष्टा त्यांना त्यांची जबाबदारी परत देतो. त्याच अध्यायात 31व्या वचनात 'आपलं हृदय नवं करा' अशी आज्ञा आहे, आणि 36व्या अध्यायाच्या 26व्या वचनात देव म्हणतो, 'मी तुम्हाला नवं हृदय देईन'. ऑगस्टीन ही दोन वचनं जोडून वाचायचा. तूही ती फळ्यावर शेजारी शेजारी लिही आणि दोन्ही खरी कशी, हे मुलांना विचार. जी उत्तरं येतील ती मला कळव, घाईघाईनं दुरुस्त करू नकोस.

बाळाला आशीर्वाद. आईला सलाम सांग.

तुझा,
काका