मे महिन्यात घरच्या कोंबड्या कापताय? आधी बर्फाचं बघा

गेल्या आठ-दहा दिवसात गुहागर, दापोली, मालवण असे तिन्हीकडून साधारण सारखेच प्रश्न आलेत. चाकरमानी आलेत, मिरगाच्या आधी एकदा सगळे मिळून घरचे बारा-पंधरा कोंबडे करायचेत, एकाच दिवशी कसं जमवायचं? पिसं काढताना कातडं फाटतं ते का? आणि घरचा कोंबडा असून मटण रबरासारखं का लागतं? सगळ्यांना एकत्रच सांगतो.

सगळ्यात आधी वेळ. आपल्याकडे मे महिन्यात सकाळी दहानंतर पडवीतसुद्धा अंग चिकट होतं, अशा हवेत कापलेलं मटण परातीत झाकून ठेवलं की ते खराब व्हायला सुरवात झालीच म्हणून समजा, कारण जंतू 5 ते 60 डिग्रीच्या मधे वाढतात आणि आपली मे महिन्यातली दुपार बरोबर त्याच्या मधोमध बसते. गेल्या वर्षी माझ्या स्वतःच्या घरी नऊ कोंबडे करताना गप्पांच्या नादात अकरा वाजले आणि शेवटच्या दोन कोंबड्यांना वास यायला लागला, दोन्ही पुरावे लागले. सहा महिने पोसलेलं जनावर असं वाया गेल्याचं अजून वाईट वाटतं. त्यामुळे सहाला सुरवात, नऊच्या आत शेवटचा कोंबडा बर्फात, हे ठरवूनच बसा.

बर्फ किती? जेवढे किलो मटण तेवढे किलो बर्फ. गावठी कोंबडा दोन किलोचा असेल तर साफ केल्यावर 1.3 ते 1.4 किलो उरतो, म्हणजे पंधरा कोंबड्यांना 20 किलोच्या आसपास बर्फ लागणार. घरच्या फ्रिजात एवढं एकदम थंड होत नाही, उलट आतलं बाकीचं पण गरम होतं. आपल्याला सोय आहे ना, हर्णै नाहीतर मिरकरवाड्यासारख्या बंदराच्या बाजूला बर्फ मिळतो, मच्छीचा थर्माकोलचा बॉक्स पण मिळतो. फक्त तो बॉक्स साबणाने घासून उन्हात वाळवून घ्या, आणि बंदरावरचा बर्फ पिण्याच्या पाण्याचा असेलच असं नाही म्हणून मटण आधी स्वच्छ पिशवीत बांधायचं, बर्फ बाहेरून. चार तासांच्या आत मटण आतपर्यंत गार लागलं पाहिजे.

आता आदल्या रात्रीचं. संध्याकाळी सात-आठनंतर दाणे बंद, पाणी चालू. पोट रिकामं असलं की साफ करताना आतडं फुटून घाण मटणाला लागायची भीती कमी होते. खुराड्यात तशाच ठेवल्या तर खालचं काहीतरी टोचत बसतात, तेव्हा फळ्यांवर डालं पालथं घालून ठेवा, पण दाटी करू नका. सकाळी पकडताना पोरांना मागे धावायला लावू नका, घाबरून फडफडलेल्या कोंबडीच्या अंगावर काळेनिळे डाग पडतात आणि तिचे हाल होतात ते वेगळेच. तेलाच्या मोठ्या कॅनचा तळ कापून तोंडाकडचं भोक रुंद केलं आणि भिंतीला टांगला की त्यात कोंबडी डोकं खाली करून शांत राहते. सुरी चांगली धारदार हवी, जबड्याच्या खाली दोन्ही बाजूच्या नसा एका फटक्यात कापायच्या, आणि दोन-तीन मिनिटं रक्त पूर्ण जाऊ द्यायचं. डोळ्याला बोट लावून बघा, पापणी हलली तर अजून थांबा. जीव असताना गरम पाण्यात घालायची नाही म्हणजे नाही.

कातडं फाटतं त्याचं कारण पाणी. चुलीवरून उतरवलेलं उकळतं पाणी सरळ ओततात, मग वरचं कातडं शिजतं. आपल्याला साधारण 60 डिग्री पाहिजे, तर उकळतं पाणी अर्धं आणि विहिरीचं गार पाणी अर्धं घ्या, जवळपास तेवढंच होतं. त्यात पायाला धरून 45 सेकंद ते एक मिनिट बुडवा, हलवत रहा, पंखाचं मोठं पीस सहज निघालं की बाहेर. तीन-चार कोंबड्यांनंतर पाणी निवतं, तेव्हा परत उकळतं घाला. मग हळद चोळून जाळावर बारीक लव जाळायची ती आपली पद्धत चांगलीच आहे, तिला चव पण आहे, पण जाळ लावला म्हणजे आतले जंतू मेले असं नाही. कोकमाच्या आगळाने, लिंबाने पण मरत नाहीत. ते पूर्ण शिजवल्यावरच मरतात.

माणसं वाटून घ्या. पिसं काढणाऱ्याने उघड्या मटणाला हात लावायचा नाही, पोट साफ करणारा वेगळा, त्याची फळी-सुरी वेगळी. गळ्यातली दाण्याची पिशवी आधी सोडवा, मग मागून कापा, कलेजीजवळची पित्ताची पिशवी फुटू देऊ नका. शेपटीवरची तेलाची गाठ पण काढून टाका. कलेजीवर पांढरे-पिवळे ठिपके दिसले किंवा ती सुजलेली असली तर तो कोंबडा खायचा नाही, मग कितीही मोठा असो.

रबराचं म्हणाल तर मेल्यावर स्नायू ताठरतात आणि त्याच वेळी आपण टोपात टाकतो. बर्फात निदान सहा-सात तास, जमलं तर रात्रभर ठेवा. तंगडी हलवून बघा, सांधा सैल झाला की शिजवायला घ्या. म्हणजे शनिवारी सकाळी कापा आणि रविवारी वडे. वर्षावरचा कोंबडा असेल तर मंद आचेवर जास्त वेळ द्यायलाच लागेल, त्याला इलाज नाही.

पिसं-आतडी व्हाळात, म्हणजे ओढ्यात, टाकू नका, कुत्री आणि बिबटे दोन्ही येतात. पिसांत नत्र भरपूर असतं, ते माडाला खत होतं, तेव्हा माडापासून थोडं लांब तीन फूट खड्ड्यात चुना मारून पुरा, पण आपला जांभा दगड पाणी झिरपवतो, तेव्हा विहिरीपासून लांब आणि उताराच्या खालच्या अंगाला.

कोंबड्यांना औषध दिलं असेल तर त्यानंतर किती दिवस कापायचं नाही ते पाकिटावर लिहिलेलं असतं, ते दिवस पूर्ण होऊ द्या. एकदम तीन-चार कोंबड्या मेल्या किंवा मान टाकून बसल्या तर "खराब व्हायच्या आत कापून टाकू" असं अजिबात करू नका. 2021 च्या जानेवारीत दापोलीत मेलेल्या पक्ष्यांत बर्ड फ्लू सापडला होता. अशा वेळी हात न लावता जनावरांच्या हेल्पलाइनला, 1962 नंबरला फोन करा नाहीतर जवळच्या पशुवैद्यकीय दवाखान्यात कळवा, आणि पोरांना खुराड्याकडे जाऊ देऊ नका.