होय तर होय

प्रिय बाळ, सलाम.

तुझा लांबलचक मेसेज दोनदा वाचला. दृढीकरणाचा, म्हणजे मंडळीसमोर स्वतःच्या तोंडाने विश्वास कबूल करायच्या विधीचा, वर्ग संपत आला, बिशप येणार, आईने पांढरी साडी घेऊन ठेवली, आणि तुझं मन तर पुनरुत्थानापाशी, येशू मेलेल्यांतून उठला या गोष्टीपाशी, अडून बसलंय. येशूची शिकवण मात्र तुला जिवापाड आवडते. "शिकवणीपुरता येशू माझा. बाकीचं आईसाठी तोंडाने म्हणून टाकते, मनात नाही म्हणेन. चालेल ना मावशी?"

नाही चालणार.

डोंगरावरचं प्रवचन तुला पाठ आहे म्हणतेस ना? मग मत्तयाचा पाचवा अध्याय काढ आणि शपथेविषयीचा भाग वाच. शपथ वाहूच नका, तुमचं बोलणं होय तर होय, नाही तर नाही, एवढंच असू द्या. ज्याची शिकवण पाळायची, त्याच्याच नावाने, भरल्या मंडळीसमोर, मनात नाही असताना तू होय म्हणणार? मग तुझ्या हातात शिकवण तरी कुठली राहिली? पुनरुत्थान तुला मानता येत नाही, इथवर मी समजू शकते. पण ज्या येशूवर तुझं प्रेम आहे, त्याचाच शब्द तू आईच्या साडीसाठी मोडायला निघालीस, याचा मला राग आला. आला तो लिहिते, लपवत नाही.

विश्वासांगीकाराबद्दल, आपण उपासनेत उभं राहून म्हणतो त्या कबुलीबद्दल, तू लिहिलंस ते बरोबर आहे. त्यात येशू मरियेपासून जन्मतो आणि पुढच्याच वाक्यात रोमी सुभेदार पंतय पिलाताच्या हाताखाली दुःख सोसतो. मधला गालील, दाखले, डोंगर, कुष्ठरोग्याला लावलेला हात, यांतलं काहीच त्यात नाही. मलाही हे लहानपणापासून खुपत आलंय. पण त्यात शिकवण नाही म्हणून त्यात आहे ते खोटेपणाने म्हणायची मोकळीक तुला मिळत नाही. म्हणायचं तर होय, नाहीतर नाही.

आणि दुसरी बाजूही ऐक. 'शिकवणीपुरता येशू' हे तू फार सोपं समजून बसलीस. शत्रूंवर प्रीती करा, मागेल त्याला द्या, अंगरखा मागणाऱ्याला बाह्यवस्त्रही द्या. यातलं आपण कोण काय करतो? विश्वास नाही म्हटलं की उरलेलं सगळं आवडीनिवडीवर सोडता येतं, असं मुंबईत चांगल्या शिकलेल्या माणसांना वाटताना मी पाहिलंय. येशू चांगला गुरू होता म्हणायचं आणि सख्ख्या भावाशी बोलायचं नाही. शिवाय त्याच प्रवचनात तो म्हणतो, पूर्वजांना असं सांगितलं होतं, पण मी तुम्हांला सांगतो. हा 'मी' कोण, हे तुला विचारावंच लागेल. उत्तर काहीही येवो, विचारायचं टाळू नकोस.

राममोहन रॉय यांनी 1820 मध्ये येशूची वचनं वेगळी काढून छापली, चमत्कार वगळले. बंगालमधल्या श्रीरामपूरचे मिशनरी मार्शमन तुटून पडले की, येशूने आपल्या पापांसाठी मरून केलेल्या प्रायश्चित्ताशिवायची नुसती नीती म्हणजे ख्रिस्ती धर्म नव्हे. वाद वर्षानुवर्षं चालला. पण दोघांपैकी कुणीही मनात एक ठेवून तोंडाने दुसरं बोललं नाही. आपल्या कवी नारायण वामन टिळकांचं बघ. 1893 मध्ये आगगाडीत त्यांच्या हाती नवा करार पडला, आणि डोंगरावरच्या प्रवचनापाशी ते थबकले. शिकवण त्यांना तिथेच पटली. बाप्तिस्मा घेतला तो 10 फेब्रुवारी 1895 ला, इथे मुंबईत. मधल्या काळात झगडले, पण घाईने होय म्हणाले नाहीत. होय म्हणाले तेव्हा पत्नी लक्ष्मीबाईंपासून कितीतरी काळ दूर राहावं लागलं, तेही सोसलं. आणि शेवटी 1917 मध्ये मिशनची नोकरी सोडून त्यांनी 'देवाचा दरबार' हा येशूच्या अनुयायांचा मेळा काढला, तर त्यात बाप्तिस्मा घेतलेले आणि न घेतलेले दोघांनाही जागा ठेवली. पंडिता रमाबाई तर चौपाटीवर शारदा सदन उघडण्याच्या कितीतरी आधी, 1883 मध्ये, इंग्लंडमध्ये ख्रिस्ती झाल्या होत्या. त्यानंतरही त्रैक्यावरून, म्हणजे पिता, पुत्र आणि पवित्र आत्मा मिळून एकच देव या मतावरून, तिथल्या मठातल्या भगिनींशी त्या पत्रांतून भांडत राहिल्या. पुढे त्यांनीच लिहून ठेवलंय की आपल्याला ख्रिस्ती धर्म सापडला होता, पण ख्रिस्त सापडला नव्हता. तो बाप्तिस्म्यानंतर आठेक वर्षांनी सापडला. एवढ्या मोठ्या बाईला हे जाहीरपणे सांगायची लाज वाटली नाही, मग तुला आईजवळ बोलायची भीती का वाटावी?

माझं तुला ठाऊकच आहे. उपासनेत सगळे उभे राहतात, मीही राहते. 'वधस्तंभावर खिळला गेला, मरण पावला, पुरला गेला' इथपर्यंत माझा आवाज इतरांच्या आवाजात असतो. 'तिसऱ्या दिवशी' आलं की ओठ मिटतात. शेजारच्या बाई आधी वळून बघायच्या, आता नाही बघत. तेव्हाच्या पाळकांना मी हे आपणहून सांगितलं आणि त्यांनी माझ्याकडचा शब्बाथशाळेचा वर्ग काढून घेतला. त्या लहान मुलांची आठवण अजून येते. नाताळच्या नाटुकल्यातले पांढऱ्या पुठ्ठ्याचे पंख अजून माळ्यावर आहेत. गप्प बसले असते तर वर्ग राहिला असता, मला माहीत आहे. पण मुलांना 'खोटं बोलू नये' शिकवायचं आणि दर रविवारी स्वतः ते करायचं, हे माझ्याच्याने झालं नसतं. आजही होणार नाही.

आणि भायखळ्याच्या खोलीचं. वडिलांची पागडीची खोली, भाडेपावती थोरल्या भावाच्या नावावर. चार वर्षं आमचं बोलणं बंद होतं. अर्पण वेदीपाशीच ठेव, आधी भावाशी समेट कर, मग ये, हे त्याच पाचव्या अध्यायात आहे. एका रविवारी थैली पुढे आली, मला त्यात हात घालवेना. तशीच उठून त्याच्याकडे गेले आणि ना हरकत पत्रावर सही करून दिली. तो म्हणाला, "तुझा तर विश्वास नाही, मग हे कशासाठी?" मी म्हटलं, "जेवढ्याला होय म्हटलंय, तेवढं तरी करायला नको?" भाऊ गेला तो मला नास्तिक समजूनच गेला. ते मनाला लागून राहिलंय. खोली गेल्याचं मात्र काहीच वाटत नाही. तेव्हा पुनरुत्थानाला नाही म्हणणारी बाई शिकवणीला वाऱ्यावर सोडते, असं तुला कुणी सांगितलं तर ऐकून घेऊ नकोस.

पण चर्च सोडू नकोस, बाळ. तू रोज चर्चगेटला उतरतेस. ते नाव ज्या देवळावरून पडलं, ते फोर्टमधलं 1718 चं सेंट थॉमस. हा थॉमस म्हणजे येशूचा शिष्य थोमा. येशू उठलाय असं इतरांनी सांगितल्यावर तो म्हणाला होता, खिळ्यांचे व्रण पाहिल्याशिवाय मी विश्वास ठेवणार नाही. त्याला कुणी बाहेर काढलं नाही. योहान लिहितो, आठ दिवसांनी शिष्य पुन्हा एकत्र होते आणि थोमा त्यांच्यात होता. ते आठ दिवस तो 'नाही' म्हणणारा म्हणूनच त्यांच्यात बसला, जेवला. तुझे आठ दिवस किती लांबतील ते मी कशी सांगू? माझे तर अजून चालूच आहेत.

तर आता असं कर. आईला या शनिवारी सांग, रात्री जेवणं झाल्यावर, भावंडांसमोर नको. "मी येशूला सोडत नाहीये, पण जे मला म्हणता येत नाही ते मी म्हणणार नाही" एवढंच बोल. ती रडेल. तू समजूत काढायच्या भरात होय म्हणू नकोस. साडी ठेवून दे, साडीला घाई नाही. मग पाळकांना भेट आणि या वर्षी नाव मागे घ्यायचंय म्हणून सांग. एकटीने जायला जड वाटलं तर फोन कर, मी सोबत येईन, बाहेर बाकावर बसेन. आत जाऊन बोलायचं मात्र तूच.

तुझी,
मावशी