वर्गातली काचेची टाकी आणि गावचा ओढा

प्रश्न : नमस्कार. मी परभणी जिल्ह्यातल्या एका झेडपी शाळेत पाचवीला शिकवते. गावातल्या एकांनी शाळेला दोन फुटी फिश टँक भेट दिला, सोबत सहा गोल्डफिश. पंधरा दिवसांत पाच मेले, लेकरं रडली. आता पोरं म्हणतात, मॅडम, ओढ्यातलेच मासे आणू, ते मरत नसतात. मलाही वाटतं की ह्या निमित्तानं आपल्या ओढ्याबद्दल, गोदावरीबद्दल शिकवता येईल. पण मासे आणावेत का? आणि उन्हाळ्याच्या सुट्टीत त्या टाकीचं काय करायचं?
— एक शिक्षिका, परभणी जिल्हा

उत्तर : ताई, आधी ते पाच मासे का गेले ते सांगतो कारण लेकरांना तेच सगळ्यात आधी कळायला पाहिजे. माशाच्या विष्ठेतून पाण्यात अमोनिया तयार होतो, तो विषारी असतो, आणि त्याचं आधी नायट्राइट न् मग कमी विषारी नायट्रेट करणारे जिवाणू नव्या टाकीत नसतातच, ते वाळूत, फिल्टरच्या स्पंजमध्ये बसायला चार ते सहा आठवडे लागतात. त्यात दोन फुटी टाकीत, म्हणजे दोन बाय एक बाय एक धरली तर, जेमतेम 55 लिटर पाणी बसतं आणि तेवढ्यात सहा गोल्डफिश म्हणजे लईच दाटी. तुमची चूक नाही, टाकी देणाऱ्यांनी हे सांगायला पाहिजे होतं. आता जो एक वाचलाय त्याला अगदी चिमूटभरच खायला द्या, दोन मिनिटांत संपेल एवढंच, आणि दर आठवड्याला पाव टाकी पाणी बदला. पाणी ब्लिचिंगचं असेल तर एक दिवस उघड्या बादलीत ठेवून मग टाका. बोअरचं असेल तर काचेवर पांढरी रेघ दिसेल, माठावर बसते तीच. पाणी उडून जातं पण क्षार मागे राहतात, म्हणून नुसती वरून भर घालत राहू नका, जुनं काढून नवं टाका.

आता मुद्द्याचं. मी तर म्हणेन ओढ्याची टाकी माशांपासून सुरू करूच नका. गोल्डफिशचा एक राहू द्या त्याच्या टाकीत, आणि दुसरं एखादं पसरट टब नाहीतर काचेची मोठी बरणी घ्या. ओढ्याच्या कडेच्या गवतातून चहाची मोठी गाळणी फिरवली की काय काय निघतं ते बघा. गोगलगाई निघतील, शेपटीच्या नळीनं श्वास घेणारा पाणविंचू निघेल (त्याला हातात धरू देऊ नका, चावतो), आणि नशीब असेल तर चतुराची अळी. मळकट तपकिरी, सहा पायांची, दिसायला काहीच नाही. पण तिच्यासमोर डासाची अळी सोडा आणि मुलांना काचेला नाक लावून बसवा. खालचा जबडा घडी घालून ठेवलेला असतो तो एकदम पुढे झेपावतो आणि अळी गायब, डोळ्याचं पातं लवायच्या आत. टबात एक काडी उभी खोचून ठेवा बरं का, विसरू नका, कारण एखाद्या सकाळी ती अळी काडीवर चढलेली सापडेल, पाठीवरची कातडी फाटेल आणि आतून ओला, चुरगाळलेल्या पंखांचा चतुर बाहेर येईल. पंख सुकायला तास-दोन तास लागतात. तेवढा वेळ गणिताचा तास राहू द्या बाजूला. ज्या लेकरानं हे एकदा बघितलं ते ओढ्यात प्लास्टिकची पिशवी टाकताना थांबतं, हे मी डोळ्यांनी बघितलंय.

शिंपल्याचा प्रयोग पण कराच. हिरवट गढूळ पाण्याच्या दोन बरण्या, एकीत जिवंत शिंपला, दुसरीत काही नाही. काही तासांत शिंपल्याच्या बरणीतलं पाणी निवळायला लागतं कारण तो पाणी आत ओढून त्यातलं शेवाळ गाळून खात असतो. शाळा सुटायच्या आत त्याला परत नेऊन सोडा, टाकीत तो उपाशी मरतो. आणि मुलांना हे पण सांगा की शिंपल्याची पिल्लं लहानपणी माशाच्या कल्ल्यांना चिकटून वाढतात, म्हणजे मासे गेले की शिंपले गेले आणि शिंपले गेले की पाणी गाळणारं कुणी उरलं नाही. शिंपले राहतात ती वाळू उपसली की काय होतं हे वेगळं शिकवायची गरज पडत नाही मग.

मासे आणायचेच असतील तर गावात जे भोई दादा जाळं टाकतात त्यांना वर्गात बोलवा, त्यांच्याइतकं माहीत असलेला माणूस तुम्हाला मिळणार नाही. शिंगट्याचा काटा कसा टोचतो, वाम कुठल्या दगडाखाली बसते, पूर्वी काय मिळायचं आता काय मिळत नाही, हे सगळं ते सांगतील. मरळीचं तर नक्की विचारा. मरळ पाण्यावर येऊन हवेतला श्वास घेते, म्हणून आटत आलेल्या डबक्यात बाकीचे मासे तडफडून मरतात तरी ती तग धरते. 2016 ला मांजरा धरण आटलं आणि लातूरला मिरजेहून रेल्वेनं पाणी आणावं लागलं हे लेकरांनी घरी ऐकलेलं असतं, त्या पाण्यातल्या माशांचं काय झालं असेल हा प्रश्न मात्र त्यांना कुणी विचारलेला नसतो.

मासे आणले तर दोन-तीनच, बोटाएवढे, दोन-चार दिवसांसाठी, आणि जिथून आणले तिथेच परत. पण ह्याला एक अट आहे, त्या टाकीला, जाळीला, बादलीला बाजारच्या माशाचं पाणी कधीच लागलेलं नसावं, नाहीतर रोग ओढ्यात जातो. कासव आणू नका, देशी कासव पाळणं वन्यजीव कायद्यानं गुन्हा आहे. आणि ओढ्यावर नेताना सोबत दोन मोठी माणसं असू द्या, पाणी गुडघ्याच्या आतच, वाळू उपशाचे खड्डे असतील तिथे अजिबात नको.

सुट्टीचं उत्तर ओढाच देतो. आपल्याकडे तो पावसाळ्यापासून फार तर डिसेंबर-जानेवारीपर्यंत वाहतो, तेवढेच महिने टब भरलेला ठेवा, ओढा आटत आला की सगळं परत सोडून टब कोरडा करून पालथा घाला. भिंतीवर तारखा लिहायला लावा, ओढा कधी वाहायला लागला, कधी थांबला. गोल्डफिशला मात्र सुट्टीत कुणाच्या तरी घरी न्यावं लागेल, 42 डिग्रीत बंद वर्गात तो जगणार नाही कारण पाणी तापलं की त्यात ऑक्सिजन कमी मावतो.

प्रश्न : पोराच्या शाळेतले गप्पी आणि एक सकर मासा (टाकीची काच चाटणारा) आता कुणाला नकोत. आमच्या शेततळ्यात सोडले तर चालतील का? तळं तर आपलंच आहे.
— एक शेतकरी, जालना जिल्हा

उत्तर : नका सोडू दादा. तळं आपलं असलं तरी भरपावसात ते सांडतं आणि सांडलेलं पाणी ओढ्यालाच जातं. गप्पी आणि सकर दोन्ही दक्षिण अमेरिकेतले. बाहेरचा मासा पाण्यात गेला की काय होतं ते चिलापीवरून (तिलापिया) कळतं, मूळची आफ्रिकेतली ही मासळी 1952 मध्ये भारतात आणली, आज कुठल्याही धरणावर जाऊन बघा जाळ्यात किती निघते. सकर तर मातीच्या काठात बिळं पाडतो, म्हणजे तळ्याचा प्लास्टिकचा कागद न् बांधही धोक्यात. ज्या दुकानातून घेतले तिथे परत घेतात का विचारा, नाहीतर टाकी असलेल्या दुसऱ्या शाळेला द्या. टाकीतलं पाणी आणि त्यातल्या वनस्पती पण ओढ्यात नाही, पाणी झाडांच्या आळ्यात ओता, वनस्पती उन्हात वाळवून खताच्या खड्ड्यात टाका.