रेकॉर्डर घेताना आधी तारा मोजा

प्रश्न : मी औसा तालुक्यातल्या एका आरोग्य उपकेंद्रात काम करते. घरी सासूबाई, आम्ही दोघं आणि कॉलेजातली मुलगी. संध्याकाळी मालिकांच्या वेळेला मी एसटीत असते, नाही तर लाईट गेलेली असते. सोयाबीनच्या सुगीत तर रात्रीपर्यंत सगळे शेतातच असतो. म्हणून टीव्हीवरच्या मालिका रेकॉर्ड करून नंतर बघायच्या आहेत. आमच्याकडे एका डीटीएच कंपनीची छत्री आहे. लातूरला दोन दुकानांत विचारलं. एक जण म्हणतो, आतच 500 जीबीची हार्ड डिस्क असलेला रेकॉर्डर घ्या. दुसरा म्हणतो, साधा एचडी बॉक्स घेऊन मागे 1 टीबीची डिस्क लावा, स्वस्तात दुप्पट साठेल. सासूबाईंना सह्याद्री वाहिनीवरची कीर्तनंही कायमची जपून ठेवायची आहेत. मुलगी म्हणते, मोबाइलवर बघा. भाऊ, काय घ्यावं?
– एक वाचक भगिनी, औसा

उत्तर : ताई, दोन्ही दुकानदारांनी तुम्हाला जीबी मोजून दाखवले. बॉक्सला तारा किती लागतात ते कोणी सांगितलं नाही, आणि घरातली रिमोटची ओढाताण मिटणार की वाढणार ते त्यावरच ठरतं.

बॉक्समध्ये ट्यूनर एक आहे की दोन, हा तुमचा पहिला प्रश्न असू द्या. वाहिनी पकडायचं काम ट्यूनर करतो. तो एकच असेल तर जे रेकॉर्ड होतंय तेच बघत बसावं लागतं. साडेसातची मालिका तुमच्यासाठी लावून ठेवली आणि त्याच वेळी मुलीला मॅच बघायची असली, की दोघींपैकी एकीला मन मारावं लागणार. रांजण केवढाही मोठा आणा, नळ एकच असेल तर भरणाऱ्यानं आणि पिणाऱ्यानं एकमेकांसाठी थांबायचं. आपल्याकडे 2008 मध्ये टाटा स्काय प्लस आला तेव्हा त्याचं खरं मोल हेच होतं : दोन ट्यूनर, एक वाहिनी बघा, दुसरी साठवा.

दोन ट्यूनरना छत्रीपासून दोन वेगळ्या तारा लागतात. छत्रीच्या दांड्यावरच्या एलएनबीला, म्हणजे उपग्रहाच्या लहरी पकडणाऱ्या डबीला, बॉक्स त्याच तारेतून कधी 13 तर कधी 18 व्होल्ट पाठवतो. 13 ला उभ्या लहरी मिळतात, 18 ला आडव्या, आणि एका तारेवर एका वेळी एकाच प्रकारच्या. म्हणून एलएनबी दोन तोंडांचा हवा. केबल टीव्हीचा स्प्लिटर लावून एका तारेच्या दोन करून देणारे फिटर मी लातुरात पुष्कळ पाहिले आहेत. मग कधी या वाहिनीवर, कधी त्या वाहिनीवर 'सिग्नल नाही' येतं आणि लोक चांगला रेकॉर्डर घेऊन माझ्या दुकानात दुरुस्तीला येतात. फिटर असं करू लागला तर त्याला तिथंच थांबवा. घर माळवदाचं असेल तर दुसरी तार खिडकीतून घ्या, माळवदाला भोक पाडू देऊ नका. पावसाळ्यात तिथूनच गळतं.

आता साठवणूक. एचडी वाहिनीचा एक तास साधारण 3 ते 4 जीबी घेतो, साध्या वाहिनीचा एक ते दीड. अर्ध्या तासाच्या दोन मालिका आठवड्यात सहा दिवस धरल्या तर एचडीत 24 जीबीच्या आत आठवडा भागतो. बघून झालेलं पुसत गेलात तर 500 जीबी कधी भरायची नाही. 1 टीबीसाठी जास्तीचे पैसे देऊ नका.

दुसऱ्या दुकानदाराच्या पर्यायात आणखी एक गोम आहे. यूएसबी 2.0 च्या खाचेतून नियमानं 500 मिलिअँपिअर मिळतो, आणि फिरणारी डिस्क सुरू होताना त्याहून जास्त ओढू शकते. मग ती नुसती टक-टक करते, रेकॉर्डिंग होत नाही. त्या मार्गानं गेलातच तर न फिरणारी एसएसडी घ्या किंवा वेगळ्या अ‍ॅडॉप्टरवर चालणारा यूएसबी हब, म्हणजे जास्तीच्या खाचांची डबी, मधे लावा. आणि ताई, ही डिस्क नवी कोरीच असू द्या. बॉक्स पहिल्यांदा जोडताना बहुतेक वेळा डिस्क फॉरमॅट करतो, त्यात आधीचं सगळं पुसलं जातं. लग्नाचे फोटो असलेली डिस्क मागे लावू नका.

सर्वांत मोठी अडचण मात्र लाईटची. रेकॉर्डिंग व्हायला बॉक्स निदान स्टँडबायवर असावा लागतो, म्हणजे बोर्डावरचं बटण चालूच हवं. आपल्या घरात बाहेर पडताना बटणं बंद करायची सवय असते. सासूबाईंना या एका बटणाचं नीट समजावून सांगा, त्यावर चिकटपट्टी लावा. इन्व्हर्टर असला तरी लाईट गेल्यावर क्षणभराचा खंड पडतो, तेवढ्यात बॉक्स पुन्हा सुरू होतो आणि भागाचे दोन तुकडे होतात. बॉक्स 25 वॉटच्या आत भागतो, त्याला संगणकाचा लहान यूपीएस पुरे. हार्ड डिस्कही झटक्यातून वाचेल. दुकानातच एक परीक्षा घ्या : पुढच्या दहा मिनिटांचं रेकॉर्डिंग लावायला सांगा, प्लग काढा, परत लावा. बॉक्स स्वतःहून उठून रेकॉर्डिंग घेत नसेल तर तो आपल्या भागात कामाचा नाही, मग कोणत्याही कंपनीचा असो.

कीर्तनांचं मात्र वेगळं आहे. डीटीएच बॉक्समधलं रेकॉर्डिंग कुलूपबंद असतं. डिस्क काढून संगणकाला लावली तर ते उघडत नाही, बॉक्स बिघडला तर गेलं, कंपनी बदलली तर गेलं. रिचार्ज संपल्यावर बहुधा तेही बघता येत नाही. त्यामुळे सासूबाईंना कायमचं हवं ते त्यात ठेवू नका. सह्याद्री डीडी फ्री डिशवर फुकट दिसते. त्यासाठी वेगळी छत्री 93.5 अंश पूर्वेच्या जीसॅट-15 उपग्रहाकडे रोखावी लागते आणि यूएसबी रेकॉर्डिंगची सोय असलेला साधा बॉक्स लागतो. त्यातल्या बहुतेकांची फाइल संगणकावर उघडते, तिची प्रत काढता येते. घेण्यापूर्वी दुकानात पेन ड्राइव्हवर पाच मिनिटं रेकॉर्ड करून लॅपटॉपवर लावून बघा. महिन्याचा खर्च काहीच नाही. ही दुसरी छत्री मी तुमच्या घरी जरूर बसवेन.

मुलीचंही खोटं नाही, झी मराठीच्या मालिका झी5 वर आणि स्टार प्रवाहच्या जिओहॉटस्टारवर मिळतात. ती एकटी बघेल. पण दिवसभर गावोगाव फिरून आलेल्या बाईला जेवणानंतर सासूबाईंच्या शेजारी बसून आपली मालिका मोठ्या पडद्यावर बघाविशी वाटते, ही मागणी मला लहान वाटत नाही. त्यासाठी खर्च करा.

तेव्हा आधी तुमच्याच कंपनीला विचारा, दोन ट्यूनरचा नवा रेकॉर्डर मिळतो का आणि रेकॉर्डिंगचा महिन्याला वेगळा आकार आहे का. मिळत असेल तर तोच घ्या. नसेल तर साधा बॉक्स आणि 250 जीबीची एसएसडी, आणि मॅचच्या दिवशी रिमोट कोणाकडे हे घरात आधीच ठरवा. दुकानात नुसतं 'डीव्हीआर' (डिजिटल व्हिडिओ रेकॉर्डर) मागू नका, सीसीटीव्ही कॅमेऱ्याचा डबा काढून देतील.

प्रश्न : ओळखीच्या माणसाकडे जुना हार्ड डिस्कवाला रेकॉर्डर स्वस्तात मिळतोय. घेऊ का?
– एक वाचक, जिंतूर

उत्तर : नका घेऊ. तो बॉक्स आणि त्याचं कार्ड मूळ ग्राहकाच्या खात्याशी बांधलेलं असतं. कंपनीनं ते खातं रीतसर तुमच्या नावावर करून दिलं तरच पुढे बोलायचं. तसं झालं तरी आतली डिस्क वर्षानुवर्षं फिरलेली आहे. मालकाला एक तास रेकॉर्डिंग लावायला सांगा आणि कान देऊन ऐका. खरखर किंवा टक-टक आली तर फुकटातही आणू नका.