स्टोअरची पावडर घ्यावी की जाहिरातीतली?

प्रश्न : ताई, आमच्याकडे महिन्याचं सामान हल्ली सुपरमार्केटमधूनच येतं. तिथे त्यांच्या स्वतःच्या नावाची कपड्यांची पावडर मोठ्या ब्रँडच्या जवळजवळ अर्ध्या किमतीत मिळते. आमचे मिस्टर म्हणतात सगळं एकाच फॅक्टरीत बनतं, नुसतं पाकीट वेगळं. सासूबाई म्हणतात स्वस्तातली पावडर कपडे खाते. कोणाचं ऐकू? मशीन फ्रंट लोड आहे आणि पाणी बोअरचं.
— एक वाचक, सिन्नर

उत्तर : दोघांचंही अर्धं अर्धं बरोबर आहे, पण हे घरात मोठ्याने सांगू नका.

आधी मिस्टरांचं बघू. स्टोअरवाले सहसा स्वतः पावडर बनवत नाहीत, दुसऱ्याकडून बनवून घेतात, पाकीट उलटं करून बघा, बनवणारा एक आणि विकणारा दुसरा असं बारीक अक्षरात छापलेलं सापडेल. पण एकाच आचाऱ्याकडून श्रीखंड-पुरीचं जेवण करून घेता येतं आणि झुणका-भाकरही, जसे पैसे तसं ताट. पावडरचंही तेच आहे. मळ काढणारं मुख्य द्रव्य (धंद्यातले लोक त्याला ॲसिड स्लरी म्हणतात), धुण्याचा सोडा, पाण्याचा जडपणा कमी करणारं झिओलाइट वगैरे, डाग तोडणारी एन्झाइम्स, पांढऱ्याला निळसर चमक देणारा घटक, वास, आणि उरलेली भर, म्हणजे बहुतेक सोडियम सल्फेट. भर म्हणजे भेसळ नव्हे हं, पण तिने मळही निघत नाही. किंमत खाली आणायची तर सोडा आणि भर वाढते आणि महागडी एन्झाइम्स कमी होतात किंवा गायबच होतात.

आणि हे फक्त स्टोअरवालेच करतात असं नाही. व्हील, रिन आणि सर्फ एक्सेल तिन्ही हिंदुस्तान युनिलिव्हरचेच, टाइड आणि एरियल दोन्ही पी अँड जीचे. एकाच घरातली भावंडं पण गुण वेगळे. त्यामुळे स्टोअरची साधी बादलीची, म्हणजे हाताने धुवायची पावडर एरियल मॅटिकशेजारी (मॅटिक म्हणजे मशीनसाठीची) ठेवून ‘बघा, काही उपयोग नाही’ म्हणणं अन्यायच आहे, तिची तुलना व्हील नाहीतर घडीशी करा. आणि स्टोअरच्या मॅटिकची मॅटिकशी.

आता पैशाचं. आपण किलोचा भाव बघतो आणि तिथेच फसतो, बघायचा तो एका धुण्याचा खर्च. समजा एक पावडर 110 रुपये किलो आहे आणि तुमच्या बोअरच्या पाण्यात एका लोडला 70 ग्रॅम लागते, दुसरी 220 रुपये किलो पण 35 ग्रॅममध्ये भागतं. दोन्हीकडे 7 रुपये 70 पैसेच. बोअरच्या पाण्यातलं कॅल्शियम-मॅग्नेशियम आधी पावडर खातं, मग उरली तर कपड्याला मिळते, म्हणून तुमच्याकडे हा फरक मुंबईतल्या नळाच्या पाण्यापेक्षा जास्त जाणवणार. स्वयंपाकघरातल्या वजनकाट्यावर तुमचा नेहमीचा चमचा एकदा तोलून बघा, मी तोललं तेव्हा मला 40 ग्रॅम वाटत होतं ते 65 निघालं.

मग घरीच परीक्षा घ्या. जुन्या पांढऱ्या चादरीचे दोन तुकडे, दोघांवर चहा, वरण आणि तेल, एक रात्र वाळू द्या, आणि वेगवेगळ्या लोडमध्ये पण त्याच प्रोग्रामवर धुवा. वरण आणि तेलाकडे नीट बघा, एन्झाइम्स आहेत की नाहीत ते तिथे कळतं. नुसत्या पांढरेपणावर जाऊ नका, तो चमक देणारा घटक म्हणजे आजीच्या निळीचाच मॉडर्न अवतार, नोटा तपासायच्या निळ्या दिव्याखाली कपडा धरा, लख्ख चमकतो, मळ तिथेच असला तरी.

सासूबाईंचं म्हणणं बादलीच्या पावडरबद्दल खरं आहे. त्यात सोडा जास्त, हात खरखरीत होतात आणि रंगही लवकर विटतात. शिवाय ती फ्रंट लोडमध्ये घालूच नका, फेसाचा डोंगर होतो, कपडे एकमेकांवर नीट घासले जात नाहीत आणि मशीन खंगाळत बसतं. ब्रँड कुठलाही असो, पाकिटावर फ्रंट लोड लिहिलेलं हवं.

आमच्या घरी रोजचे कपडे आणि चादरींना स्टोअरची मॅटिक, शाळेच्या युनिफॉर्मला आणि कॉलरवाल्या शर्टांना ब्रँडची. फक्त स्टोअरची एकदम पाच किलो आणू नका, आधी एक किलो आणा.

प्रश्न : स्टोअरच्या पावडरने हळदीचा डाग चक्क लाल झाला. केमिकल जास्त आहे का?
— एक वाचक, लातूर

उत्तर : नाही हो, हळदीला कुठलंही क्षारयुक्त काही लागलं की ती लालच होते, हळदीत चुना घालून कुंकू करतात ते आठवा. महागड्या पावडरनेही झाला असता. नीट खंगाळून कडक उन्हात टाका, हळदीचा रंग उन्हात टिकत नाही, दोन-तीन दिवसांत फिका पडतो.

प्रश्न : एन्झाइमवाली चांगली म्हणता, मग पैठणीलाही तीच वापरू का?
— एक वाचक, येवला

उत्तर : अजिबात नको! वरणाचा डाग तोडणारं एन्झाइम प्रथिनं तोडतं, आणि रेशीम, लोकर ही प्रथिनंच. पैठणी ड्रायक्लीनला द्या, स्वेटर-शालींना ‘लोकर-रेशमासाठी’ लिहिलेलं सौम्य लिक्विड आणा, ते स्टोअरचं असलं तरी चालेल.